डायपरच्या डब्याचा वास: ऊन सोलापूरचं, पाणी चार दिवसांआड

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवस गावी गेलो आणि डायपरचा डबा रिकामा करायचा राहून गेला. डबा पश्चिमेच्या गॅलरीत, दुपारभर उन्हात. परत आलो तेव्हा घरात काही वास नव्हता, म्हणून मी निर्धास्त. मग बाळाचा डायपर बदलला, डब्याचं झाकण उचललं आणि मिरचीचा ठसका बसावा तसं डोळ्यांतून पाणी आलं. झाकणाच्या आतल्या कडेला पाण्याचे थेंब जमले होते आणि त्या ओलीतून तांदळाच्या कण्यांएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी घाबरून अर्धी बाटली फिनेल ओतलं. संध्याकाळी आधीचा वास तर होताच, वर फिनेलचा.

आमचा मुलगा आता दीड वर्षाचा आहे. मधल्या काळात बरेच प्रयोग केले, काही पैसे वाया घालवले. त्यातून जे टिकलं ते क्रमाने लिहिते.

आधी कळलं पाहिजे की वास कशाचा

ताज्या सूला जवळपास वास नसतो. तिच्यात युरिया असतो. शीतले जंतू तो युरिया फोडतात आणि अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबतो तो हाच. शीचा वास वेगळा: त्यात गंधकाचे वायू, इंडोल आणि स्कॅटोल नावाची द्रव्यं आणि आंबूस आम्लं असतात. नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी फार घाण मारत नाही, तिला जरासा आंबटसर, ताकासारखा वास येतो. सहा महिन्यांनी वरणभात, नाचणीची खीर सुरू झाली की तिचा थाट बदलतो आणि तोवर बरा चाललेला डबा एकाएकी चालेनासा होतो. आम्हाला तेव्हा वाटलं डब्याचं झाकण ढिलं झालं.

जंतूंना ओल, ऊब आणि वेळ लागतो. यातली ऊब सोलापुरात आपल्या हातात नाही. मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की जंतूंचं काम साधारण दुप्पट वेगाने चालतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दोन दिवस गप्प बसणारा डबा मेमध्ये दुपारपर्यंत बोलायला लागतो तो त्यामुळे. म्हणून आपण ओल आणि वेळ या दोघांच्याच मागे लागायचं. सुगंधाचं नंतर बघू. माझ्या मते तो नकोच.

पायरी १: शी डब्यात जाताच कामा नये

एवढं एक केलं तर पुढच्या निम्म्या पायऱ्या चुकल्या तरी निभावतं. शी आणि सू एकत्र राहिली की शीतले जंतू सूतल्या युरियावर तुटून पडतात. दोघांची ताटातूट केली की वासाचा कारखाना बंद. डायपरच्या बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरात हे लिहिलेलंही असतं. मी ते सात महिन्यांनी वाचलं.

घट्ट शी असेल तर डायपर कमोडवर धरून झटकला की पडते. पातळ असेल तर जुना प्लास्टिकचा उलथणा घ्या, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधा आणि तो संडासातच टांगून ठेवा. दोरा एवढ्यासाठी की पाहुणी आलेली मावशी तो धुऊन स्वयंपाकघरात नेऊन ठेवणार नाही. आमच्याकडे जवळजवळ झालं होतं तसं.

कागदी डायपरवर जेट किंवा मगाने पाणी मारू नका. आत जी पावडर असते ती पाणी ओढून जेली होते आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. तुम्ही ओतलेलं पाणीही ती पिऊन बसते, डायपर जड होतो आणि डब्यात ओल वाढते. डायपर फाटून ती जेली मोरीत गेली तर मोरी तुंबते. संडासात डायपर टाकून पाणी ओतायचं तर नावच काढू नका.

पायरी २: गुंडाळी आणि पुडी

डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळायचा आणि त्याच्याच दोन पट्ट्या आवळून चिकटवायच्या. ओला भाग आत, कोरडा बाहेर. उघडा टाकलेला डायपर जेवढी हवा खातो तेवढाच वास सोडतो.

मग वर्तमानपत्राचं अर्धं पान. किराणा दुकानात शेंगाचटणीची पुडी बांधतात तशी घडी घालायची. उपमा घाणेरडी आहे, मला ठाऊक आहे, पण घडी तीच. कागद बाहेरची ओल शोषतो, त्यामुळे पिशवीच्या आत घाम धरत नाही. माझ्या त्या अळ्या त्या घामावरच वाढल्या होत्या. उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, त्यामुळे माशी पुडीच्या आत शिरूच नये.

कागदाला आणखी एक कारण आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात किंवा पाकिटात नीट गुंडाळूनच द्यायचे, असं सांगितलेलं आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली, म्हणजे पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. मी ती उचलली ती एका सकाळमुळे. घंटागाडीवरच्या ताईंनी माझी पिशवी सुक्या कचऱ्याची समजून हाताने फोडली. हात तसाच हवेत धरून त्या म्हणाल्या, “ताई, वर लिहीत जावा की काय हाय ते. आमाला काय वास येत न्हाय का?” त्या दिवसापासून फ्रिजवर लाल स्केचपेन दोरीने बांधलेलं आहे.

पायरी ३: डबा कोणता

मी पहिला डबा ऑनलाइन मागवला होता. खास डायपरचाच, आत गोल पिशव्यांची गुंडाळी, वर फिरकी. दिसायला देखणा. महिनाभरात पिशव्या संपल्या, नव्या गुंडाळीची किंमत बघून नवऱ्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यातही प्लास्टिकला वास मुरतो. ओरखडे पडले की त्यात जंतू बसतात आणि मग धुऊनही वास जात नाही.

त्यानंतर तीन गोष्टी वापरून पाहिल्या. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा एक हात मोकळा ठेवतो, पण त्याचं झाकण नुसतं टेकलेलं असतं, घट्ट बसत नाही. घर रंगवल्यावर उरते ती दहा लिटरची रंगाची बादली उत्तम. झाकणात रबराची कडी असते आणि हाताने दाबावं लागतं इतकं ते घट्ट बसतं. सगळ्यांत चांगला मात्र कोठीघरात पडून असलेला जुना स्टीलचा डबा. स्टीलला वास मुरत नाही. सासूबाईंना तो ज्वारीचा डबा या कामाला द्यायला दोन आठवडे लागले, पण एकदा दिला तो दिलाच.

आकार लहान घ्या. मोठा डबा घेतला की आपण तो भरायची वाट बघतो, आणि इथे वाट बघणं हाच घोटाळा आहे. दिवसाला सहा-सात डायपर होत असतील तर दहा लिटर पुष्कळ झालं.

पायरी ४: आतली पिशवी

पातळ पॉलिथिनच्या आरपार वास जातो. गाठ कितीही घट्ट मारा, तासाभरात बाहेर येतो. याउलट पिठाची, धुण्याच्या पावडरीची, फरसाणाची पाकिटं अनेक थरांची असतात आणि वास अडवतात. पाच किलोच्या पिठाचं रिकामं पाकीट झटकून ठेवा: दिवसभराच्या पुड्या त्यात मावतात आणि तोंड दुमडून कपड्याचा चिमटा लावता येतो. शीचा डायपर असेल तर तो एकटा चिवड्याच्या पाकिटात घालून मग डब्यात टाका. ही पाकिटं भंगारवाला एरवीही घेत नाही.

पायरी ५: तळाला काय टाकायचं

इथे घरोघरी सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

खाण्याचा सोडा, दोन मोठे चमचे, डब्याच्या तळाला कागदावर पसरून. सोडा शीतल्या आंबूस वासांवर चालतो, कारण ते वास आम्लांचे असतात. अमोनियावर तो फारसा चालत नाही, कारण दोघेही एकाच, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचे. अमोनियाला आंबट हवं. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व, किंवा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, असं फवारणीच्या बाटलीत भरून ठेवायचं आणि पिशवी काढली की डब्याच्या आतून आणि झाकणाच्या कडेला मारून फडक्याने पुसून घ्यायचं. पुसून कोरडं झाल्यावरच सोडा टाका. दोन्ही एकत्र टाकले तर फसफसतात, बघायला मजा येते, पण एकमेकांना मारून बसतात आणि हाती काही उरत नाही.

लाकडी कोळशाचे चार-सहा तुकडे जुन्या मोज्यात बांधून झाकणाला आतून टांगले तर थोडा फरक पडतो. इस्त्रीवाल्याकडे मागा. दर आठवड्याला कडक उन्हात ठेवून परत वापरता येतात. चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका.

आता नको त्या गोष्टी. डांबरगोळ्या डब्यात, बाळाच्या कपाटात, कुठेच नकोत. त्यातल्या नॅफ्थलिनच्या नुसत्या वाफेनेही काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ज्यांच्यात जन्मतः जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना हा धोका मोठा, आणि आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बहुतेकांना माहीतही नसतं. कापूरही पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, तोंडात गेला तर विषारी आहे. चुलीची राख किंवा चुना टाकायची जुनी सवय असेल तर ती इथे उलटी पडते: राख खारी, म्हणजे सोड्याच्याच बाजूची, त्यामुळे झालेला अमोनिया उलट जास्त बाहेर पडतो.

आणि ब्लीच. सू साचलेल्या डब्यात ब्लीच ओतायचं नाही, अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड गेलं तर क्लोरिन सुटतो. बंद बाथरूममध्ये, कडेवर बाळ असताना, हा प्रयोग अजिबात नको.

उदबत्ती, रूम फ्रेशनर, बाळंतिणीच्या खोलीतली धुरी यांनी वास जात नाही, फक्त मोगऱ्याच्या आड लपतो. धुराचा त्रास मात्र बाळाच्या छातीला खरा होतो. हे आमच्या घरात बोलून दाखवायला मला तीन महिने लागले.

पायरी ६: जागा

पश्चिमेची गॅलरी नको, हे मी शिकलेच. बाथरूममध्येही नको, तिथे ओल कायम. स्वयंपाकघराचा तर प्रश्नच नाही. उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीखाली, सावलीत, हवा खेळती असेल तिथे, जमिनीपासून वीतभर उंच. मांजर आणि उंदीर यांचा विचार आधीच करा. झाकणावर वीट ठेवली की तोही प्रश्न मिटतो, पण मूल चालायला लागलं की वीट काढून डबा कडीच्या दाराआड न्या.

पायरी ७: घंटागाडीचं घड्याळ

डबा भरला की रिकामा करायचा नसतो, गाडी आली की करायचा असतो. मार्चपासून जूनपर्यंत रोज. एरवी एक दिवसाआड चालतं. आदल्या रात्री शेवटचा डायपर झाला की पिशवीचं तोंड बांधून लाल ठिपका काढून ठेवायचा, म्हणजे सकाळी घंटा वाजल्यावर पळापळ होत नाही. ओल्या कचऱ्यात टाकू नका, त्याचं खत होत नाही. गाडी चुकली तर पिशवी जिन्यात ठेवायची नाही. त्या दिवशी ती दुसऱ्या पाकिटात घालून परत डब्यात.

बाहेरगावी जाणार असाल तर निघायच्या दिवशी डबा रिकामा, धुतलेला, झाकण उघडं. निघतानाच्या कामांच्या यादीत ‘गॅस बंद’च्या खाली हेही लिहा.

पायरी ८: डबा धुणं, पाण्याच्या दिवशी

आमच्या भागात चार दिवसांआड पाणी येतं. डबा धुवायचा दिवस त्यालाच बांधून टाकलाय, एक पाणी सोडून एक. आधी कोरड्या कागदाने पुसायचं, मग भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश, झाकणाची खाच आणि रबराची कडी विशेष. रबर निघत असेल तर काढूनच घासा, निम्मा वास त्याच्या खाली असतो. मग लिंबूसत्त्वाचं पाणी दहा मिनिटं. शेवटी विसळून दुपारच्या उन्हात पालथा. ओला डबा परत वापरात आणला तर सगळं मुसळ केरात. दोन मग पाण्यात काम होतं. त्यासाठी कपडे धुतल्यावरचं शेवटचं विसळलेलं पाणी चालतं.

घरात कुणाला जुलाब असतील त्या आठवड्यातच मी ब्लीच वापरते: डबा साबणाने धुऊन पूर्ण विसळल्यावर, लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा, दहा मिनिटं, आणि परत विसळून. त्या दिवशी लिंबूसत्त्वाला सुट्टी.

कापडी लंगोट असतील तर

खालच्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू घरातल्या. त्यांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं आणि चार नातवंडं त्यांनी जुन्या सुती साडीच्या लंगोटांवर वाढवली. मी लंगोट बादलीत भिजत ठेवते हे बघून त्या म्हणाल्या, “पाण्यात कशाला कुजवालीस? सुकं ठेव की.” त्यांचं बरोबर होतं. भिजत ठेवलेलं पाणी उन्हाळ्यात सहा तासांत नासतं, आणि उघड्या बादलीतलं वीतभर पाणीही रांगत्या मुलाचा जीव घेऊ शकतं. भिजवण्यात पाणी जातं ते वेगळंच.

म्हणून शी झटकून, डाग लगेच गार पाण्यात चोळून, पिळून, जाळीच्या टोपलीत मोकळं टाकायचं. कढत पाणी आधी नको, त्याने डाग बसतो. नुसत्या सूचा लंगोटही पिळूनच टाका. टोपलीला हवा लागली की अमोनिया साचत नाही. एक दिवसाआड धुणं, उन्हाळ्यात रोज.

धुण्यात एक अडचण पाण्याची आहे. बोअरचं पाणी जड असलं की साबणाच्या वडीचा फेस होत नाही, चिकट थर धाग्यात बसतो आणि त्या थरात वास. वडीऐवजी पावडर, आणि बादलीला एक चमचा धुण्याचा सोडा. कंडिशनर नको, कापड पाणी ओढेनासं होतं. घड्या करायला टर्किश टॉवेलचे तुकडे लागतातच, आणि चादर-टॉवेलच्या गावात जुन्या टॉवेलची वाण नाही; फक्त फार जाड घडी शिवू नका, ती मधून वाळत नाही. आपलं ऊन इथे कामी येतं. एप्रिलच्या दुपारी पातळ लंगोट अर्ध्या तासात कडकडीत होतो आणि ऊन जंतूही मारतं.

वास बाळाचाच असेल तर

कधी डबा निर्दोष असतो. उन्हात सू घट्ट पिवळी आणि उग्र वासाची होत असेल, दिवसाला सहापेक्षा कमी डायपर ओले होत असतील, तर बाळाच्या पोटात पाणी कमी जातंय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, दूधच जास्त वेळा पाजायचं. ताप, सुस्ती किंवा सू करताना रडणं असेल तर डॉक्टरांकडे जा.

सगळं केलं, तरी येतोय

मग शोधायला लागा. डायपर बदलायच्या रबरी चादरीची खालची बाजू. गादीची शिवण. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर. प्रवासाच्या पिशवीचा बाजूचा कप्पा, जिथे परवाचा एक डायपर ‘नंतर टाकू’ म्हणून खोचलेला असतो.

यातलं काही सापडलं नाही तर बाथरूमच्या जाळीवर नाक न्या. तिच्याखाली पाण्याचा एक घोट कायम उभा असतो, तो गटाराचा वास अडवतो. पाणी वाचवायच्या नादात आम्ही मागची मोरी आठ दिवस वापरलीच नव्हती, तो घोट आटला होता, आणि मी त्याच आठवड्यात बिचारा ज्वारीचा डबा तीनदा घासला होता. प्लंबरने एक मग पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबला आणि पैसे न घेता गेला.